डिचोलीच्या विहिरीला कोणता फिल्टर? आमच्या घरच्या व्यवस्थेबद्दल

आमच्या विहिरीच्या पाण्याला आरओची, म्हणजे पडद्यातून दाबून पाण्यातले क्षार काढणाऱ्या यंत्राची, गरज नव्हती. गोव्यातल्या डिचोली, सत्तरी, फोंडा भागातल्या चिऱ्यांच्या (जांभ्या दगडाच्या) विहिरींपैकी बहुतेकींना ती नसावी, असं माझं आता ठाम मत झालं आहे. आम्ही शेवटी बसवलं ते असं: पंपाच्या खोलीत फायबरच्या दोन उभ्या टाक्या, पहिलीत चुनखडीचे दाणे आणि दुसरीत लोखंड धरून ठेवणारं मँगनीज डायऑक्साइडचं माध्यम. तिथून पाणी स्लॅबवरच्या टाकीत चढतं, आणि प्यायच्या पाण्यासाठी स्वयंपाकघरात यूव्ही (जंतू मारणारे अतिनील किरण) आणि यूएफ (अतिबारीक छिद्रांची गाळणी) असलेलं भिंतीवरचं यंत्र आहे. या सगळ्यावरून एक अख्खा पावसाळा गेला, त्यामागोमाग वैशाखही गेला, म्हणून आता भरवशाने लिहिते.

मी घरातून डबे देते. डिचोलीच्या बाजारातली दुकानं, औद्योगिक वसाहतीतली काही माणसं, दोन-चार एकटे राहणारे म्हातारे. सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, बाकी दिवस हुमण, तोणाक, भात, सोलकढी. दिवसभर पाणी लागतं आणि ते चांगलंच लागतं. घरात नळ आहे. २०२० च्या ऑक्टोबरात गोवा हे देशातलं पहिलं ‘हर घर जल’ राज्य ठरलं, तो नळ आमच्याकडे त्याच्याही आधीपासून होता. पण नळाला पाणी येण्याची वेळ आणि माझी चूल पेटण्याची वेळ जमत नाही. शिवाय दाराशी आजेसासऱ्यांनी खणलेली विहीर आहे, जी मे महिन्यातही तळ दाखवत नाही. ती सोडून टँकर मागवणं मला पटणारं नव्हतं.

तक्रार पाण्याच्या रंगाची होती. बालदीत काढलं तेव्हा नितळ, रात्रभर ठेवलं की तळाला तांबूस गाळ. चहा काळपट व्हायचा, कारण चहातल्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की काळा-जांभळा रंग येतो. उकड्या तांदळाच्या भातावर एक मळकी छटा दिसायची. पांढरे पंचे, टॉवेल, मुलाचा शाळेचा शर्ट, सगळ्यांना तांबडी झाक. अशा कपड्यांना ब्लीच लावू नका, हे आधीच सांगते. क्लोरीनने लोखंड गंजाच्या रूपात धाग्यात आणखी घट्ट बसतं. आमच्या आई, म्हणजे सासूबाई, बिंबल हे आंबट फळ चिरून डागावर चोळतात आणि डाग उतरतो. बिंबलात ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असतं, ते गंज विरघळवतं.

आता हे पाणी असं का, ते थोडं सविस्तर सांगते, कारण फिल्टर कोणता घ्यायचा ते यावरच ठरतं. माझं बीएस्सीला रसायनशास्त्र होतं, त्यामुळे या भागात मी रमते.

गोव्यात वर्षाला साधारण तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. हे पाणी पालापाचोळ्यातून आणि मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड शोषून घेतं आणि किंचित आम्लधर्मी होतं. जमिनीत चुनखडी असती तर तिनं ते आम्ल शमवलं असतं. पण आपला चिरा लाखो वर्षांच्या पावसानं धुऊन निघालेला आहे. त्यात लोखंड आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइडं उरली, चुना राहिलाच नाही. म्हणून आपल्या विहिरींचं पाणी मऊ, क्षार अगदी कमी आणि पीएच, म्हणजे आम्लतेचं माप, सातच्या खाली, आम्लधर्मी बाजूला. अशा आम्लधर्मी आणि तळाशी हवा कमी असलेल्या पाण्यात लोखंड विरघळलेल्या रूपात राहतं, डोळ्यांना दिसत नाही. पाणी वर आलं, हवा लागली, की हळूहळू गंज होऊन खाली बसतं. आमचा तालुका तर खनिजाचाच, आणि लोखंडाच्या या भूमीत लोखंड पाण्यात येणारच.

घाटावर याच्या अगदी उलट. माझी नणंद पुण्याला असते. तिच्या सोसायटीच्या बोअरवेलचा टीडीएस (लिटरमागे विरघळलेले क्षार, मिलिग्रॅममध्ये) सातशेच्या वर, गीझरमध्ये पांढरे थर, साबणाला फेस नाही. तिनं आरओ घेतला आणि तिथे तो बरोबरच आहे. तिनं मलाही तोच घ्यायला सांगितलं, पण तिचं पाणी काळ्या कातळातलं आणि माझं चिऱ्यातलं.

फिल्टर बघायला जाण्याआधी मी पाणी तपासून घेतलं. जल जीवन मिशनखाली सरकारी पाणी-प्रयोगशाळा सामान्य लोकांसाठी खुल्या झाल्या आहेत आणि फी नाममात्र असते, तेव्हा खर्चाचं कारण कुणाला राहू नये. जंतूंच्या तपासणीसाठी बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली घ्यावी. घरची धुतलेली बाटली चालत नाही. नळाचं तोंड ज्योतीनं तापवायचं, पाणी थोडं वाहू द्यायचं, बाटली भरून बर्फात ठेवायची आणि शक्यतो त्याच दिवशी पोचवायची.

मी नमुने दोन जागांचे दिले, आणि जो कुणी हे वाचतोय त्यानं हे नक्की करावं. एक पंपाच्या तोंडाशी घेतलेला, दुसरा स्वयंपाकघरातल्या नळाचा, सकाळी पहिल्यांदा सोडलेला. रिपोर्ट आला तेव्हा पीएच ५.८, टीडीएस ७०, कठीणपणा २० च्या आसपास, हे दोन्हीकडे जवळपास सारखंच. पण लोखंड पंपापाशी ०.८ मिलिग्रॅम प्रति लिटर आणि स्वयंपाकघरात २.३. म्हणजे स्वयंपाकघरातलं दोन तृतीयांश लोखंड विहिरीतलं नव्हतंच, वाटेतलं होतं. घर बांधलं तेव्हाचे जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी, पाइप. आम्लधर्मी पाणी आधी त्यांच्यावरचं जस्त खातं आणि मग आतलं लोखंड. प्लंबरनं कोपऱ्यातला एक एल्बो काढून हातावर आपटला तेव्हा आतून तांबडा चुरा पडला. तो म्हणाला, “वहिनी, उदक बरें आसा, पायपी कुसल्यात.” म्हणजे पाणी चांगलं आहे, पाइप कुजलेत.

पाइप बदलून सीपीव्हीसीचे, म्हणजे प्लास्टिकचे, घातले. फिल्टरच्या आधीचा हा खर्च मला अजिबात जड वाटला नाही. निम्म्याहून जास्त त्रास तिथेच संपला. ज्यांच्या घरात अजून जुने लोखंडी पाइप आहेत त्यांनी कितीही महाग फिल्टर पंपापाशी लावला तरी नळाला तांबडं पाणी येत राहील.

रिपोर्ट कसा वाचायचा तेही सांगते. पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आहे आयएस १०५००, २०१२ सालचं. त्यात पीएच ६.५ ते ८.५ असावा, टीडीएस ५०० पर्यंत चांगला, कठीणपणा २०० पर्यंत, लोखंड १ मिलिग्रॅमपर्यंत (पूर्वी ही मर्यादा ०.३ होती), मँगनीज ०.१, नायट्रेट ४५, आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय हा जंतू एकही नको. आमच्याकडे टीडीएस मर्यादेच्या सातव्या हिश्श्याएवढा. विहिरीचं पाणी नापास झालं ते दोन ठिकाणी: पीएच आणि ई-कोलाय. लोखंड पंपापाशी मानकात बसत होतं, पण चहाला आणि यूव्हीच्या दिव्याला ते मानक पुरत नाही. त्याविषयी पुढे.

मग दुकानं आणि विक्रेते. एका कंपनीचा माणूस घरी आला, नाव घेत नाही. रिपोर्ट दाखवला तर त्यानं तो बघितलाही नाही. पिशवीतून विजेच्या दोन-दोन सळ्या लावलेलं एक यंत्र काढलं, एका ग्लासात आमचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं आरओचं. स्विच चालू केला आणि आमच्या पाण्यात हळूहळू हिरवट-तपकिरी गाळ तरंगायला लागला. त्याचं पाणी स्वच्छ. “मॅडम, हेच तुम्ही मुलांना पाजता.”

हा प्रयोग गोव्यात घरोघरी दाखवतात, म्हणून नीट समजून घ्या. त्या सळ्यांपैकी एक लोखंडाची आणि एक ॲल्युमिनियमची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि सळीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं. तो गाळ सळीचा असतो. आरओच्या पाण्यात क्षारच नसतात, म्हणून वीज वाहत नाही, म्हणून काही होत नाही. मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणलं आणि त्याच्या स्वच्छ ग्लासात टाकलं. स्विच लावायला सांगितलं. त्याचं पाणी आमच्या पाण्यापेक्षा गडद झालं. आई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी त्याला चहा दिला आणि तो गेला.

आमच्या पाण्यासाठी आरओ का नको, त्याची कारणं साधी आहेत. सत्तर टीडीएसचं पाणी आरओतून काढलं की त्यात जवळजवळ काहीच उरत नाही, आणि पीएच, जो आमचा खरा दोष, तो सुधारत नाही, उलट आणखी खाली जातो. एक लिटर पाणी देताना घरगुती आरओ साधारण दोन-तीन लिटर पाणी गटारात सोडतो. विरघळलेलं लोखंड त्याचा पडदा लवकर निकामी करतं. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादानं केंद्र सरकारला सांगितलं होतं की जिथे टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओ वापरायला बंदी घाला. आमच्या टीडीएसला त्याची शिफारस करणारा विक्रेता ग्राहकाचं भलं बघत नाही, असं मी स्पष्ट म्हणते.

दुसऱ्या एका दुकानात वॉटर सॉफ्टनर गळ्यात मारत होते. सॉफ्टनर हा कठीण पाणी मऊ करायला असतो, आमचं तर मुळातच मऊ. तिसरीकडे सुचवली ती वीस इंची जाड गाळणी, पाच मायक्रॉनची. ती आमच्या शेजाऱ्यांकडे आहे. आठवड्याभरात कार्ट्रिज तांबडं होतं, त्यांना वाटतं फिल्टर काम करतोय, पण चहा काळाच. कारण बसलेला गंज गाळणीत अडकतो, विरघळलेलं लोखंड आरपार जातं. ज्यांच्या विहिरीत फक्त पावसाळी गढूळपणा आहे त्यांना ही गाळणी पुरेशी आहे आणि स्वस्तही. लोखंडाला नाही.

शेवटी ज्याच्याकडून घेतलं तो डिचोलीतला पंप आणि पाइप विकणारा दुकानदार. त्याची खूण एवढीच सांगते की त्यानं पहिला प्रश्न विचारला, “रिपोर्ट आहे का, वहिनी?” नसता तर त्यानं आधी तपासणीलाच पाठवलं असतं, हे त्याच्या बोलण्यातून कळलं. रिपोर्टमध्ये त्यानं आधी लोखंड बघितलं नाही, पीएच बघितला. तिथेच माझा विश्वास बसला.

कारण लोखंड काढण्याचं सगळं गणित पीएचवर आहे. विरघळलेलं लोखंड हवेतल्या प्राणवायूनं गंज होऊन खाली बसतं, पण आम्लधर्मी पाण्यात ही क्रिया फार मंद चालते. पीएच एकनं वाढला तर तिचा वेग सुमारे शंभर पटीनं वाढतो. म्हणून आधी आम्ल शमवायचं, मग लोखंड पकडायचं. पहिल्या टाकीत चुनखडीचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे पांढरे दाणे. पाणी त्यातून जाताना आम्ल दाणे विरघळवतं आणि पीएच सातच्या आसपास येतो. आम्ल संपलं की विरघळणं थांबतं, त्यामुळे पाणी जास्त अल्कधर्मी होण्याची भीती नाही, सोड्यासारखं माप घालावं लागत नाही. दुसऱ्या टाकीत मँगनीज डायऑक्साइड, जे लोखंडाचं रूपांतर झपाट्यानं करतं आणि तयार झालेला गंज दाण्यांत अडकवतं. बाजारात यासाठी ‘बर्म’ नावाचं हलकं माध्यमही मिळतं. पण त्याला पीएच ६.८ च्या वर हवा आणि क्लोरीन सोसत नाही. आम्ही पावसाच्या सुरुवातीला विहिरीत ब्लीचिंग पावडर घालतो म्हणून दुकानदारानं ते टाळलं. विकत घेताना माध्यम कोणतं ते नाव विचारा, बिलावर लिहून घ्या.

टाक्या कुठे बसवायच्या, हा मुद्दा बऱ्याच ठिकाणी चुकतो. काही लोक त्या वरच्या टाकीनंतर, घरात पाणी येतं तिथे बसवतात. पण या फिल्टरला उलटं धुणं, म्हणजे बॅकवॉश, लागतं. पाणी खालून वर जोरात सोडून दाण्यांतला गंज बाहेर काढायचा. दहा इंच व्यासाच्या टाकीला त्यासाठी मिनिटाला वीस लिटरच्या वर प्रवाह हवा. घराच्या स्लॅबवरच्या टाकीचा दाब चार-पाच मीटर उंचीचा, म्हणजे अर्धा बारसुद्धा धड नाही. तेवढ्यानं दाणे हलत नाहीत आणि काही महिन्यांत फिल्टर गच्च होतो. आमच्याकडे त्या पंप आणि वरची टाकी यांच्या मध्ये आहेत, पंपाच्याच जोरावर धुतल्या जातात.

धुण्याचं काम मीच करते. वरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह बॅकवॉशवर फिरवायचा, पंप चालू, दहा-एक मिनिटं. आधी तांबडंलाल, मग गुळवणीच्या रंगाचं, मग स्वच्छ. नंतर थोडा वेळ रिन्सवर आणि परत फिल्टरवर. एका खेपेला टाकीमागे दोनशे लिटरच्या आसपास पाणी जातं. ते आम्ही पोफळींच्या आळ्यात सोडलं आहे. पावसात काही प्रश्न नाही, पण एप्रिल-मेमध्ये इतकं पाणी सोडताना जीव कळवळतो, आणि नेमकं तेव्हाच जास्त वेळा धुवावं लागतं, कारण विहिरीची पातळी खाली गेली की तळच्या पाण्यात लोखंड वाढतं.

परिणाम? बसवल्यानंतर पुन्हा तपासणी केली. वरच्या टाकीत उतरणाऱ्या पाण्यात लोखंड ०.१ च्या खाली, पीएच ७.१. कठीणपणा वीसवरून साठ-सत्तरपर्यंत चढला, कारण चुनखडी विरघळते ती कुठेतरी जाणारच. साठ-सत्तर म्हणजे अजूनही मऊच पाणी, आणि दोनशेच्या मर्यादेपासून लांब. चहा आता चहाच्या रंगाचा होतो. डब्याचा भात पांढरा दिसतो. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकानं तांदूळ बदललात का म्हणून विचारलं, त्याचा मला फार आनंद झाला.

मध्ये-मध्ये खात्री करायला प्रयोगशाळेत धावायची गरज नाही. पेरूची दोन कोवळी पानं चुरडून ग्लासभर पाण्यात टाका. लोखंड असेल तर पाणी जांभळट-काळं होतं, चहासारखंच टॅनिनचं काम. फिल्टरच्या आधीचं आणि नंतरचं पाणी शेजारी ठेवून मी हे बघते. आकडा कळत नाही, पण फिल्टर धुवायची वेळ झाली की नाही ते कळतं.

आता जंतूंकडे. खरं तर लोखंडानं फक्त रंग बिघडतो. ई-कोलाय मात्र रिपोर्टवर दिसणं म्हणजे विष्ठेतला अंश विहिरीत पोचतो आहे. आपल्या चिऱ्यात भेगा आणि पोकळ्या असतात, पावसाचं पाणी त्यातून वाट काढत धावतं. वाटेत गाळून निघायला पुरेसा वेळ मिळत नाही. सोकपिट (सांडपाण्याचा शोषखड्डा) आणि विहीर यांच्यात किमान पंधरा मीटर अंतर ठेवा असं सांगतात, पण चिऱ्यात मला पंधरा मीटरही थोडंच वाटतं. आमचं सोकपिट अंतरावर आहे. शेजारच्या भाड्याच्या खोल्यांचं नाही. त्यावर बोलणी चालू आहेत.

म्हणून यूव्ही हवंच. त्यातल्या दिव्याचा २५४ नॅनोमीटरचा किरण जंतूंचा डीएनए मोडतो. पण त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये काचेची, म्हणजे क्वार्ट्झची नळी असते, आणि लोखंड त्या नळीवर तांबडा थर धरतं. दिवा चालू, निळा इंडिकेटर चालू, आणि पाण्यापर्यंत किरण पोचतच नाही. म्हणून यूव्हीसाठी लोखंड ०.३ च्या खाली आणि गढूळपणा १ एनटीयूच्या (हे गढूळपणाचं एकक) खाली असावा लागतो. पंपापाशीचं ०.८ मानकात बसत असूनही मी टाक्या बसवल्या त्या यासाठीच. विहिरीच्या घरात नुसतं यूव्ही घेऊन भिंतीवर लावणं मला धोक्याचं वाटतं, कारण ते सुरक्षिततेचा भास देतं. यंत्र विकत घेताना किरणांची मात्रा विचारा. ४० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर ही चांगली मात्रा मानली जाते.

यूव्हीचा दुसरा दोष म्हणजे वीज गेली की संपलं. आमच्याकडे पावसाळ्यात झाड पडलं की वीज जाते, आणि जंतूंची भीती तेव्हाच सगळ्यात जास्त. म्हणून मी यूएफ असलेलंच घेतलं. त्याच्या पोकळ तंतूंची छिद्रं ०.१ मायक्रॉनहून लहान असतात. जीवाणू त्याहून बरेच मोठे, ते अडकतात, आणि हे विजेशिवाय चालतं. विषाणू मात्र त्यातून निसटू शकतात. त्यामुळे वीज बराच वेळ नसली तर डब्याच्या आणि घरच्या प्यायच्या पाण्याला मी उकळी काढते, त्यात तडजोड नाही.

आणि विहिरीची स्वतःची काळजी. मिर्गाचा पहिला मोठा पाऊस झाला की आम्ही ब्लीचिंग पावडर घालतो. हिशेब असा: व्यास तीन मीटर, पाणी चार मीटर, म्हणजे व्यासाचा वर्ग गुणिले ०.७८५ गुणिले खोली, सुमारे अठ्ठावीस हजार लिटर. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली, सीलबंद पावडर, म्हणजे सत्तर ग्रॅम. बालदीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरची निवळी कळशीनं विहिरीच्या तळाशी सोडायची आणि ढवळायची. तासभर तरी पाणी काढायचं नाही. आम्ही रात्री घालतो. क्लोरीननं लोखंड लगेच गंजतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी विहीर तांबूस दिसते, घाबरू नये. मलेरियावाल्यांनी सोडलेले गप्पी मासे आमच्या विहिरीत आहेत. ते आधी जाळीनं काढून टबात ठेवावे लागतात आणि पुन्हा सोडावे लागतात. पावसाळाभर सतत मात्रा हवी असेल तर नागपूरच्या नीरी संस्थेनं तयार केलेली दुहेरी मडक्याची पद्धत आहे, एक किलो पावडर आणि दोन किलो जाड वाळू. साडेचार हजार लिटरच्या लहान घरगुती विहिरीला ती दोन-तीन आठवडे पुरते. आमची विहीर त्यासाठी मोठी पडते.

जंतूंसाठी घरी करायची सोपी चाचणी म्हणजे एच-टू-एस बाटली. ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी ती १९८२ मध्ये मांडली. पाणी भरून एक-दोन दिवस उबेला ठेवायचं, काळं झालं की पाणी दूषित. जुलैत मी विहिरीच्या पाण्याची आणि यंत्रातून आलेल्या पाण्याची अशा दोन बाटल्या ठेवल्या होत्या. विहिरीची काळी झाली, यंत्राची तशीच राहिली. गिऱ्हाइकांना दाखवायला त्या मी फळीवर काही दिवस ठेवल्या होत्या.

खर्च असा: दोन टाक्या, माध्यमं, व्हॉल्व्ह आणि बसवणावळ धरून चाळीस हजारांच्या आत, भिंतीवरचं यंत्र दहाच्या आसपास, पाइप वेगळे. वरून स्वस्त आरओपेक्षा हे महाग दिसतं, पण आरओ फक्त प्यायचं पाणी देतो. इथे आंघोळीचं, कपड्यांचं, भांड्यांचं, सगळ्या घराचं पाणी सुधारलं. चुनखडी वर्षातून एकदा वरून भरावी लागते, यूव्हीचा दिवा वर्षानं बदलायचा, तो पेटत असला तरी, कारण त्याचा जोर तोवर उतरलेला असतो. क्वार्ट्झची नळी मी लिंबाच्या रसानं पुसते.

नाराजी आहे ती सांगते. मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह हातानं फिरवायला जड आहे. आईंना तो फिरत नाही, म्हणजे मी गावाला गेले की धुणं थांबतं. आपोआप धुणारा व्हॉल्व्ह मिळतो, पण त्याची किंमत जवळपास एका टाकीएवढी सांगितली आणि तो विजेवर चालतो. दुकानदाराची सेवा एरवी चोख, पण चवथीच्या आधीच्या आठवड्यात त्याला फोन लागत नाही, आणि आमची गळती नेमकी तेव्हाच सुरू झाली. प्लंबरनं तात्पुरती थांबवली. आणखी एक: चुनखडीचे दाणे डिचोलीत दरवेळी हजर नसतात, मागवावे लागतात, तेव्हा टाकी रिकामी होण्याच्या आधीच सांगून ठेवा.

ज्यांची विहीर खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीच्या, कडेला आहे, दिवाडी, चोडण किंवा शापोरा नदीच्या काठाला, त्यांनी माझ्यावरून ठरवू नये. तिथे उन्हाळ्यात खारं पाणी विहिरीत शिरतं, टीडीएस आणि क्लोराइड चढतात, आणि क्षार काढायला आरओशिवाय घरगुती उपाय नाही. त्यांनी नमुना मे महिन्यात घ्यावा. पावसातला रिपोर्ट त्यांना खोटा दिलासा देईल. बाकीच्यांनी जंतूंची तपासणी पहिल्या पावसानंतर आणि लोखंडाची वैशाखात करावी, म्हणजे विहिरीचं सगळ्यात वाईट पाणी कागदावर येईल आणि दुकानदाराला तेवढ्या क्षमतेची टाकी द्यावी लागेल.